दोन भाषांच्या शहरातील गाणारे पुरुष

एकोणिसाव्या शतकातील प्राग शहर दोन भाषांत नांदत होते. कचेरी आणि प्रतिष्ठितांची बैठक जर्मन; बाजार आणि मोलमजुरी बहुतांशी चेक. १८६० साली व्हिएन्नाच्या सम्राटाने एकतंत्री कारभाराची मूठ थोडी सैल केली, आणि दुसऱ्याच वर्षी ‘ह्लाहोल’ हे चेक पुरुषांचे गायनमंडळ उभे राहिले. गंमत अशी, की पुरुषांच्या अशा मंडळाचा साचा मुळी जर्मनांचा! बर्लिनमध्ये तो १८०९ सालीच पडला होता.

१८६३ ते १८६५ या काळात ह्लाहोलचे नायकत्व संगीतकार स्मेतानाकडे होते. चेक संगीताचा हा जनक शिकला जर्मनमध्ये. रोजनिशीही कित्येक वर्षे जर्मनमध्येच लिही. चेक नीट लिहायला तो शिकला चाळिशीच्या उंबरठ्यावर! घरच्या पत्रांतही इंग्रजी पेरणाऱ्या आम्ही त्याला कोणत्या तोंडाने हसावे? १८६२ साली त्याने पुरुषांच्या समूहगानासाठी ‘तीन घोडेस्वार’ रचले. १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळलेल्या यान हुसची वार्ता घेऊन येणारे ते स्वार. भर सभेत उच्चारायला जड जावे, ते जलशात चेकमध्ये गाता येई.

१८६८ साली प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाची कोनशिला बसली. तिच्यावर हातोडीचा ठोका देणाऱ्यांत स्मेताना होता, आणि त्या वेळी तो बोलला ते चेकमध्येच.