ओढ्याचा पूर मोजायचा कसा?



मोठ्या नदीवर पाण्याची पातळी मोजणारं केंद्र असतं. आपल्या शिवारातल्या ओढ्यावर ते नसतं. डोंगरावर धो धो पाऊस कोसळतो, तासाभरात लोंढा येतो, विहिरीवरची मोटार घेऊन जातो, आणि उजाडेपर्यंत ओढा पुन्हा गुडघाभर. मोजणारा माणूस पोहोचणार कधी? तरीही तो पूर केवढा होता हे काढावंच लागतं. बंधाऱ्याचा सांडवा किती रुंद हवा, मोरी केवढी हवी, हे त्यावरच ठरतं. सांडवा तोकडा पडला, की पाणी मातीच्या बांधावरून वाहतं, बांध फुटतो आणि खालच्या शेतातली माती धुऊन नेतो.

हा हिशेब दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६५ साली डिकन्स या इंग्रज अधिकाऱ्यानं उत्तर भारतातल्या अनुभवावरून एक सूत्र मांडलं. ओढ्याला जेवढ्या जमिनीचं पाणी येतं, ते त्याचं पाणलोट क्षेत्र. ते मोजा आणि त्यावरून पूर काढा, असं ते सूत्र. पण पाऊस आणि उतार मुलखागणिक बदलतो. सह्याद्रीच्या उभ्या उताराला उत्तरेच्या मैदानाचा आकडा कसा चालावा? म्हणून १९३० साली इंग्लिस यांनी मुंबई इलाख्यातल्या पुरांच्या माहितीवरून पश्चिम घाटासाठी वेगळं सूत्र बसवलं. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे ते पुढे प्रमुख झाले. त्यांचं सूत्र आजही वापरात आहे.

त्या सूत्रानं काय येतं पाहा. पाणलोट १० चौरस किलोमीटर असेल, तर मोठ्यात मोठा पूर सेकंदाला सुमारे २७५ घनमीटर. पाणलोट १०० चौरस किलोमीटर झालं, म्हणजे दहापट, तरी पूर दहापट होत नाही; तो सुमारे १,१८० घनमीटर, म्हणजे सव्वाचार पटच. कारण सोपं आहे. लहान ओढ्याचं सगळं पाणलोट एकाच सरीखाली सापडतं आणि सगळीकडचं पाणी एकदमच खाली येतं. तेव्हा ‘आमचा ओढा तो केवढा!’ असं म्हणून गाफील राहू नका.

पण सूत्र म्हणजे अंदाज. तुमच्या ओढ्याची माती, वळणं, झाडोरा त्याला ठाऊक नाही. म्हणून अभियंते पुराच्या खुणा शोधतात. बाभळीला अडकलेला काडीकचरा, भिंतीवरची गाळाची रेघ, ही त्यांची साक्ष. खुणेपर्यंतची पात्राची रुंदी आणि खोली मोजायची, आणि दोन खुणांमधल्या उतारावरून पाण्याचा वेग काढायचा. आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ साली मांडलेलं सूत्र त्यासाठी उपयोगी पडतं. समजा पात्र २० मीटर रुंद, पाणी सरासरी ३ मीटर खोल आणि वेग सेकंदाला अडीच मीटर. तिन्हींचा गुणाकार १५०. म्हणजे सेकंदाला १५० घनमीटर, दीड लाख लिटर पाणी!

या सगळ्या हिशेबाचा पाया म्हणजे ती खूण. पुढच्या दोन-चार सरींत ती धुऊन जाते. ती जपणं गावकऱ्यांच्याच हाती आहे. म्हणून एवढं करा :

१. पाणी ओसरल्यावर, धोका टळला की लगेच खुणा पाहा. पुरात उतरू नका.

२. ओढा सरळ वाहतो अशी जागा धरा. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी जास्त चढतं. पूल-बंधाऱ्याच्या वर फुगवटा येतो. तिथली खूण फसवते.

३. दोन्ही काठांवर, आणि ओढ्याच्या वरच्या व खालच्या अंगालाही, खुणा धरा. वाकणाऱ्या फांदीपेक्षा भिंत किंवा खडक बरा.

४. तिथं ऑइल पेंटनं आडवी रेघ मारा. तारीख आणि साल लिहा.

५. पाणी कधी चढलं, कधी उतरलं, पाऊस किती वेळ पडला, हे ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदवा. म्हाताऱ्या माणसांना जुन्या पुरांच्या खुणा विचारून त्याही लिहून ठेवा.

बंधाऱ्याची पाहणी करायला साहेब आले, की आधी ही रेघ दाखवा आणि सांडवा तिच्या हिशेबानं धरला आहे का, ते विचारा. रंगाचा एक छोटा डबा लागेल; पण त्यापायी उद्या बांध वाचेल आणि खालच्या शेतकऱ्याची जमीनही.