सुटी आणि रजा : बंगळुरातील मराठी कुटुंबांच्या उन्हाळ्याचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

कर्नाटक शासनाने २०२२-२३ हे शैक्षणिक वर्ष ‘कलिका चेतरिके’ म्हणजे अध्ययनाच्या भरपाईचे वर्ष म्हणून जाहीर केले. एरवी मे महिन्याच्या अखेरीस उघडणाऱ्या शाळा त्या वर्षी १६ मे रोजी उघडण्यात आल्या. करोनाच्या साथीत, मार्च २०२० पासून, बुडालेले शिक्षण भरून काढणे हा त्यामागचा हेतू होता. या निर्णयावर जी चर्चा झाली तीत एका बाजूला बुडालेले शिक्षण आणि दुसऱ्या बाजूला उन्हाचा तडाखा, असे दोन मुद्दे प्रामुख्याने मांडले गेले. म्हणजे विचार झाला तो विद्यार्थ्याच्या बुद्धीचा आणि त्याच्या शरीराचा. विद्यार्थी ज्या कुटुंबात वाढतो त्या कुटुंबाचा काळ शाळेच्या सुटीभोवती कसा बांधला गेला आहे, हा प्रश्न बाजूला राहिला.

सुटी कमी केल्याने कुटुंबाचे हित होते की अहित, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, याचे कारण सुटीच्या इतिहासातच आहे. बंगळुरातील मराठी कुटुंबांचे उदाहरण या दृष्टीने उपयुक्त ठरते. ही कुटुंबे दोन राज्यांच्या वेळापत्रकांत एकाच वेळी जगतात. त्यामुळे एरवी सहजासहजी न दिसणारी गोष्ट त्यांच्या बाबतीत स्पष्ट दिसते. येथील विवेचन राज्य मंडळाच्या शाळांपुरते मर्यादित आहे. केंद्रीय मंडळांशी संलग्न शाळांची वेळापत्रके वेगळी असतात.

२. तीन शब्द

पारंपरिक पाठशाळेत दीर्घ सुटीची कल्पना नव्हती. होता तो ‘अनध्याय’. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा अशा तिथींना अध्ययन वर्ज्य मानलेले असे. हे दिवस महिनाभर विखुरलेले असत. त्यांत दूरचा प्रवास शक्य नव्हता आणि अपेक्षितही नव्हता. सलग, ऋतूला बांधलेली सुटी दृढ झाली ती ब्रिटिश अमदानीत, न्यायालये आणि महाविद्यालये यांच्या वार्षिक रचनेबरोबर. उच्च न्यायालयांची उन्हाळी सुटी आजही त्या रचनेची खूण म्हणून टिकून आहे.

मराठीने या नव्या रचनेसाठी ‘सुटी’ हा शब्द स्थिर केला. तो ‘सुटणे’ या क्रियापदाशी जोडलेला आहे. बंधन सैल होणे हा त्याचा गाभा. त्याच्या शेजारी ‘रजा’ हा अरबी मूळ असलेला शब्द आहे. संमती, परवानगी हा त्याचा मूळ अर्थ. सुटी सर्वांना एकदम मिळते, रजा एकेकट्याने मागावी लागते. शाळेला सुटी असते. कारकून रजेवर जातो. बोलण्यात ही सीमारेषा कधी पुसट होत असली तरी भेद मराठी माणसाच्या कानाला कळतो. कन्नडमध्ये मात्र हाच अरबी शब्द ‘रजे’ या रूपाने दोन्ही अर्थ पेलतो : शाळेची ‘बेसिगे रजे’ आणि नोकरदाराची ‘रजे’ यांत शब्दाचा फरक नाही. हिंदीतील ‘छुट्टी’ आणि बंगालीतील ‘छुटी’ हे शब्दही तसेच दुहेरी आहेत. मराठीतील हा भेद प्रस्तुत प्रश्नाच्या उकलीस साह्यभूत ठरतो. मुलाची सुटी आणि पालकांची रजा जेव्हा एकत्र येतात, तेव्हाच सुटी ही कुटुंबाची होते.

३. मुलाची सुटी, आईची रजा

आगगाडीत बसून मामाच्या गावी जाणे ही मराठी बालगीताने रूढ केलेली सुटीची प्रतिमा आहे, ग. दि. माडगूळकरांच्या गीताने ती घराघरांत पोचवली. या प्रतिमेत मूल पुढे असते, पण मामाचे गाव म्हणजे आईचे माहेर. शाळा येण्यापूर्वी सासुरवाशिणीचे माहेरपण सणांना बांधलेले होते. नागपंचमीला मुराळी येतो की नाही याची वाट पाहणारी स्त्री जात्यावरच्या ओव्यांत पुनःपुन्हा भेटते. उत्तर कर्नाटकातील लोकगीतांतही पंचमीचा सण आणि ‘तवरु’ म्हणजे माहेर यांची सांगड अशीच घातलेली आहे.

मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा हे माहेरपण श्रावणातून हळूहळू मे महिन्यात सरकले. सण चालू असताना शाळा बुडवून चालेना. गृहिणीला स्वतःची रजा नव्हती. घरकामाला सुटी नसते आणि परवानगी मागायची तर ती सासरच्यांकडे. मुलांच्या शाळेच्या सुटीने तिला एक निर्विवाद निमित्त दिले. शासनाच्या शिक्षण खात्याने आखलेले वेळापत्रक अशा रीतीने स्त्रीच्या माहेरपणाचा अलिखित परवाना बनले. या संदर्भात सुटीची लांबी हा स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या मोजमापाचा एक भाग होता, हे विसरता येत नाही.

सुटी आणि नातेसंबंध यांचे चित्रण भारतीय साहित्यात नेहमीच सुखद नाही. रवींद्रनाथ टागोरांच्या १८९० च्या दशकातील ‘छुटी’ या कथेत मामाचे घर उलट दिशेला आहे : खेड्यातला फटिक कोलकात्याला मामाकडे शिकायला येतो, मामीच्या घरात परका ठरतो आणि पूजेच्या सुटीत आईकडे जाण्याची वाट पाहता पाहता संपून जातो. येथे सुटी म्हणजे दोन घरांमधले अंतर ओलांडण्याची एकमेव संधी आहे. आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५) ही कादंबरी वेगळी बाजू दाखवते. तिचे लेखन नारायण यांनी १९३० मध्ये बंगळुरात, आजीच्या घरी सुरू केले, ही गोष्ट येथे अप्रस्तुत ठरू नये. स्वामीनाथनचे वडील वकील आहेत. उन्हाळ्यात न्यायालय बंद होते आणि ते दिवसभर घरी असतात. बापलेक एकत्र येतात, पण त्यातून मुलाच्या वाट्याला आंब्यांच्या हिशेबाचे गणित येते. एकत्र असणे हे आपोआप सुखाचे होत नाही, ही जाणीव या प्रसंगाच्या विनोदामागे आहे. तरीही दोन्ही कृतींतील गृहीत एकच : सुटी कुटुंबाची मांडणी बदलते.

४. दोन राज्यांची वेळापत्रके

बंगळुराशी मराठी भाषकांचा संबंध १६३८ नंतरच्या शहाजीराजांच्या जहागिरीपासून आहे. त्या काळापासून स्थायिक झालेल्यांचे सोयरेसंबंध बहुतांशी कर्नाटक आणि तमिळ प्रदेशातच जुळले. विसाव्या शतकात हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स यांसारख्या कारखान्यांत आणि पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवसायात आलेल्यांचे आप्त मात्र पुणे, कोल्हापूर, सांगली, मुंबई, विदर्भ येथे आहेत. प्रस्तुत प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या गटाचा आहे. सदर्न मराठा रेल्वे १८८२ मध्ये स्थापन झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे आणि बंगळूर मीटरगेजने जोडले गेले. पुढे पुणे-मिरज मार्ग आधी रुंद झाल्याने दक्षिणेकडून येणाऱ्यांना मिरजेला गाडी बदलावी लागे. इतका खटाटोप दोन-चार दिवसांसाठी कोणी करीत नसे; दीर्घ सुटी ही दूरच्या प्रवासाची पूर्वअट होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे तोवर पुण्याबरोबर एकाच मुंबई राज्याच्या शिक्षण खात्याखाली होते. ते म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून बेळगावची मराठी शाळाही कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालते. सीमाप्रश्नाच्या चर्चेत भाषा, शाळा, कागदपत्रे यांचा विचार झाला. सीमेच्या दोन बाजूंच्या मुलांच्या सुट्या वेगळ्या झाल्या, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली.

हा फरक किती आहे ते पाहण्यासारखे आहे. कर्नाटकात मध्यावधी सुटी दसऱ्याला असते, महाराष्ट्रात दिवाळीला. म्हणजे शरद ऋतूत बंगळुरातील मूल आणि पुण्यातील त्याचे मामेभाऊ एकाच वेळी मोकळे नसतात. सलग म्हणावी अशी समाईक सुटी उरते ती उन्हाळ्याचीच. २०२४ मध्ये कर्नाटकाची सुटी ११ एप्रिल ते २८ मे अशी ४८ दिवसांची होती. महाराष्ट्राची २ मे रोजी सुरू झाली. दोहोंत समाईक दिवस २७. २०२२ मध्ये कर्नाटकाची सुटी १० एप्रिल ते १५ मे, म्हणजे ३६ दिवस. महाराष्ट्राची त्याही वर्षी २ मेपासून. समाईक दिवस १४. एकूण सुटी एक चतुर्थांशाने कमी झालेली दिसते, परंतु नातेवाइकांच्या भेटीला उपयोगी पडणारी सुटी जवळजवळ निम्म्याने घटते. कपात मेच्या बाजूने केली की ती नेमकी समाईक दिवसांवर येते. एप्रिलमधले तीन आठवडे शाबूत राहतात, पण त्या काळात महाराष्ट्रातील भावंडे परीक्षेला बसलेली असतात. २०२५ मध्ये महाराष्ट्रात प्राथमिक व माध्यमिक वर्गांच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या गेल्या तेव्हा हे चित्र अधिकच ठळक झाले.

५. कपातीच्या बाजूने

याचा अर्थ दीर्घ सुटी सर्व कुटुंबांना हितकारक आहे असा नाही. कर्नाटकाच्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यानुसार (१९६१) कर्मचाऱ्याला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा मिळते. वर्षाला २४० दिवस काम धरले तर ती १२ दिवस होते. अनेक आस्थापना याहून अधिक रजा देतात, तरी ४८ दिवसांची सुटी आणि बारा-पंधरा दिवसांची रजा यांतील दरी बुजत नाही. दोघेही पालक नोकरी करीत असतील तर उरलेला काळ आजी-आजोबांनी किंवा पैसे भरून शिबिरांनी भरून काढावा लागतो. म्हैसूरच्या रंगायणाच्या ‘चिन्नर मेळा’सारखे उपक्रम, किंवा मराठीत १९५९ पासून सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने उभी केलेली बालरंगभूमी, या सुटीच्या आधारावरच बहरल्या. पण प्रत्येक वस्तीत असे काही नसते.

गरीब कुटुंबांत प्रश्न याहून मूलभूत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेतील शिजवलेले मध्यान्ह भोजन हा मुलांचा हक्क ठरला. सुटीत ते थांबते. दुष्काळी भागांत उन्हाळी सुटीतही भोजन द्यावे, असे न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये सांगितले आणि २०२४ मध्ये कर्नाटकाने दुष्काळग्रस्त २२३ तालुक्यांत तशी व्यवस्था केली. यादगीर, रायचूर, कलबुर्गी या जिल्ह्यांतून ‘गुळे’ म्हणजे कामासाठी स्थलांतर करून बंगळुराच्या बांधकामांवर येणाऱ्या कुटुंबांची मुले सुटीत आईवडिलांजवळ येतात खरी, पण ती बांधकामाच्या जागीच वावरतात. त्यांच्यासाठी शाळा हे जेवणाचे आणि सुरक्षिततेचे ठिकाण असते.

सुटीत शिकलेले विसरते, हा युक्तिवादही विचारात घ्यावा लागतो. बार्बरा हेन्स यांच्या १९७८ च्या अटलांटा शहरातील अभ्यासापासून असे मांडले गेले की सुटीत गरीब आणि सुस्थित मुलांमधील अंतर वाढते. १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घट नोंदवली. पॉल फॉन हिपेल यांनी मात्र २०१९ मध्ये या निष्कर्षांचा काही भाग चाचण्यांच्या पद्धतीतून निर्माण झाला असावा, अशी शंका उपस्थित केली. शिवाय हे संशोधन अमेरिकेतील, सुमारे अडीच महिन्यांच्या सुटीचे आहे. बारा दिवसांच्या कपातीला ते थेट लागू करता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस आवश्यक ठरवले आहेत; ही अट पूर्ण करूनही दीर्घ सुटीला जागा उरते.

६. ऋतू आणि भूगोल

एप्रिलमधून कपात करावी, असे वरील हिशेबावरून सुचते. तथापि बंगळुरात एप्रिल हाच सर्वांत उष्ण महिना आहे. शहराचे आजवरचे नोंदलेले उच्चांकी तापमान, ३९.२ अंश सेल्सिअस, एप्रिल २०१६ मधले आहे. मेमध्ये वळवाच्या सरींनी हवा निवते. उलट कलबुर्गी, रायचूर येथे मेमध्येही पारा चाळिशीपार जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील राजधानी आणि उत्तरेचे तप्त पठार यांना एकच वेळापत्रक लावल्याने प्रत्येक कपात कोठे ना कोठे अन्याय्य ठरते. महाराष्ट्राने या बाबतीत वेगळा मार्ग फार पूर्वीपासून स्वीकारला आहे : विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा सुमारे दोन आठवडे उशिरा उघडतात. एका राज्यात दोन वेळापत्रके असणे अव्यवहार्य नाही, याचा हा पुरावा आहे.

७. समारोप

सुटीच्या कपातीचा वाद बहुधा दिवसांच्या संख्येवर होतो. वरील विवेचनावरून असे दिसते की कुटुंबाच्या दृष्टीने संख्येपेक्षा मेळ महत्त्वाचा : मुलाच्या सुटीचा पालकांच्या रजेशी आणि एका गावच्या सुटीचा दुसऱ्या गावच्या सुटीशी. ज्यांच्या घरी रजा नाही आणि सुटीत अन्नाची हमी नाही, त्यांना दीर्घ सुटी जड जाते. पण त्यांची गरज शाळेचे तास वाढवण्यापेक्षा सुटीतही स्वयंपाकघर आणि आवार उघडे ठेवल्याने अधिक नेमकी भागते. ज्यांचे आप्त दूर आणि दुसऱ्या राज्यात आहेत, त्यांच्यासाठी मेमधले थोडेसे दिवसही मोलाचे आहेत, कारण भाषा टिकण्याचे ते एक साधन आहे. बंगळुरात शाळेत कन्नड आणि इंग्रजी बोलणारे मूल आजोळी चार आठवडे राहते, तेव्हा भावंडांशी भांडता-खेळताना मिळणारी मराठी त्याला वर्गात मिळत नाही. चार आठवड्यांचे दोन झाले की त्यातला बराच वेळ येण्या-जाण्यात आणि ओळख नव्याने करून घेण्यात जातो.

शिक्षण खाते वेळापत्रक आखते तेव्हा ते कुटुंबांचा काळही आखत असते. २०२२ चा निर्णय असाधारण परिस्थितीतला होता आणि त्याचे समर्थन करता येते. परंतु तो नियम होणार असेल तर शेजारच्या राज्याच्या वेळापत्रकाकडे, जिल्ह्याच्या हवामानाकडे आणि पालकांच्या रजेकडे एकत्र पाहूनच तो व्हावा. एरवी बारा दिवसांची बचत कागदावर राहील आणि तिची किंमत आजोळ मोजेल.