आखेनातेनची धर्मक्रांती : एक पुनर्विचार

ईजिप्तच्या अठराव्या राजवंशातील चौथा आमेनहोतेप हा इ. स. पू. १३५३ च्या सुमारास सिंहासनावर आला. आमोन हा त्या वेळी राज्याचा प्रमुख देव होता आणि थीब्झ येथील त्याच्या देवालयाकडे विस्तीर्ण जमिनी व अपार संपत्ती जमा झाली होती. राजाने प्रथम कार्नाक येथेच सूर्यबिंबरूप आतेनची मंदिरे उभारली. पाचव्या राज्यवर्षी त्याने 'आखेनातेन' हे नाव धारण केले व नाईलच्या पूर्वतीरावर, आजच्या अमार्ना येथे, 'आखेतातेन' ही नवी राजधानी वसविण्यास घेतली. पुढे आमोनचे नाव शिलालेखांतून खोडण्यात आले. राजाच्या पित्याच्या नावातील तो अंशही त्यातून सुटला नाही.

ह्या धर्मास आद्य एकेश्वरवाद म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्याचे स्वरूप तपासले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. शिल्पांत आतेनचे हस्तरूप किरण राजा व राणी नेफरतीती ह्यांनाच जीवनचिन्ह देतात. प्रजाजनांनी राजाची आराधना करावी व राजाने आतेनची, अशी ही व्यवस्था होती. ओसायरिसचा परलोक मागे पडल्याने सामान्य माणसाचा मरणोत्तर आधारही गेला. राजधानीतील कारागिरांच्या घरांत बेस व तावेरेत ह्या जुन्या गृहदेवतांची चिन्हे सापडतात, ह्यात म्हणूनच नवल नाही. थडग्यांच्या भिंतींवर नैवेद्याच्या राशी रंगविलेल्या आहेत. तेथील सामान्यजनांच्या दफनभूमीत २००६ पासून झालेल्या उत्खननांत मात्र कुपोषणाच्या, अतिश्रमाच्या व अकाली मृत्यूच्या खुणा आढळल्या.

परराष्ट्रनीतीविषयी अधिक सावधपणा हवा. १८८७ मध्ये अमार्ना येथे मृत्तिकापट्टांवरील पत्रव्यवहार उजेडात आला. त्यात बिब्लसचा रिब-हद्दा वारंवार साहाय्य मागतो. ह्यावरून राजाने भक्तीपायी साम्राज्य गमावले, असा निष्कर्ष पूर्वी काढला गेला. परंतु मांडलिकांची ही पत्रे बहुधा परस्परांवरील आरोपांनी भरलेली असून काही पत्रे पित्याच्या काळातील आहेत. उत्तरेस हित्ती राजा शुप्पिलुलिउमाने मितन्नीचे बळ मोडले आणि अमुर्रूचा अझिरू त्याला जाऊन मिळाला. सत्तासंतुलनाचा हा पालट केवळ धर्मवेडाने घडला नव्हता.

सतरा वर्षांच्या कारकीर्दीनंतर राजा वारला. पुढे तूतांखातेन 'तूतांखामोन' झाला व त्याने जुनी देवालये पुन्हा सावरली. होरेमहेबने आतेनच्या मंदिरांचे दगड कार्नाकच्या द्वारमनोऱ्यांत भरावासाठी वापरले, आणि त्या भरावामुळेच ते सुरक्षित राहिले. अबायडोसच्या राजावलीतून आखेनातेनचे नाव वगळण्यात आले.

पुरोहितांच्या विरोधास ह्या अपयशाचे सारे श्रेय देणे म्हणूनच अपुरे ठरते. जो धर्म एका राजाच्या मध्यस्थीवर उभा होता आणि प्रजेच्या घरात पोचलाच नव्हता, तो त्या राजाबरोबरच संपावा हे स्वाभाविक होते.