सफरचंद, नानकटाई आणि मोहल्ल्याची भट्टी

उर्दूत सेब, मराठीत सफरचंद. वर्गात हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहिले की एखादं पोर हमखास विचारतं, "टीचर, यात चंद कुठून आला?" चंद्राशी त्याचा काही संबंध नाही. अरबीत 'सफरजल' नावाचं एक फळ आहे, उर्दूत त्याला बिही म्हणतात. सेबचंच भावंड, पण कच्चं खाल्लं तर तोंड आवळून येतं. गुजरातीतलं 'सफरजन' आणि आपलं 'सफरचंद' ही या सफरजलची लेकरं. नाव बिहीचं, फळ सेबचं! अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त फळांच्या किमती नोंदवल्या आहेत. त्यात समरकंदचं सेब वेगळं आणि बिही वेगळी. शाही मुदपाकखान्यात गल्लत नव्हती. ती आपल्या किनाऱ्यावर झाली असावी, जिथे बहुतेकांनी दोन्ही फळं पाहिलेलीच नव्हती.

हे आठवायचं कारण घरगुती आहे. ऑक्टोबरात मानपाड्याच्या हातगाड्यांवर (ठाण्याचा मानपाडा, घोडबंदर रोडचा, डोंबिवलीकरांनी आपला समजू नये) हिमाचल-काश्मीरचं सफरचंद उतरतं आणि आमच्या घरी मुलांची फर्माईश सुरू होते: ॲपल क्रिस्प. फोडींवर मैदा, साखर आणि लोण्याचा रवाळ चुरा पसरून भट्टीत भाजलेला हा अमेरिकी पदार्थ. मागे एका नातलगाने टोमणा मारला, "हे आपलं खाणं नव्हे." तेव्हापासून डोक्यात बसलंय, की मग आपलं कुठलं?

सफरचंदाचं मूळ रान कझाकस्तानातल्या तियानशान डोंगरात. तिथल्या अल्माटी शहराच्या नावातला 'अल्मा' म्हणजे तुर्की भाषांतलं सेबच. काश्मीरची अंबरी जुनी, पण आज गाडीवर जे लालभडक फळ दिसतं त्याचा वंश अमेरिकी. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला सॅम्युअल स्टोक्स १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आला आणि शिमल्याजवळ कोटगढला स्थायिक झाला. १९१६ साली त्याने अमेरिकेतून रेड डिलिशसची रोपं आणून लावली. पुढे असहकार चळवळीत तो तुरुंगातही गेला. त्याहीआधी, १८३३-३४ मध्ये, बोस्टनहून कलकत्ता आणि मुंबईला बर्फाची जहाजं यायला लागली. न्यू इंग्लंडची बाल्डविन सफरचंदंही अशाच बर्फाच्या जहाजांतून हिंदुस्थानात येत. म्हणजे फळ मध्य आशियाचं, नाव अरबी, जात अमेरिकी, बाग हिमाचलची. यात 'आपलं' काय ते नातलगाने शोधून सांगावं.

क्रिस्पचं म्हणाल तर तो पदार्थ फार जुना नाही. १९२४ च्या सुमारास तो अमेरिकी छापील पाककृतींत दिसू लागतो. इंग्लंडातला त्याचा चुलतभाऊ 'क्रंबल' दुसऱ्या महायुद्धात घरोघरी गेला, असं मानतात. जानेवारी १९४० मध्ये तिथे लोणी आणि साखर रेशनवर आली. अख्ख्या पायला जेवढं पीठ आणि लोणी लागतं तेवढं कुठून आणणार? वर नुसता चुरा भुरभुरला, काम भागलं. त्याच युद्धात, १९४३ साली, मुंबईतही रेशनिंग सुरू झालं. थोडक्यात, हा टंचाईतला पदार्थ आहे आणि टंचाईचं खाणं आपल्याला कधीच परकं नव्हतं.

परकी होती ती भट्टी. आपल्या चुलीवर उकडणं, तळणं, भाजणं सगळं होई. फार तर पातेल्याला कणीक लावून, झाकणावर निखारे ठेवून दम दिला जाई. पण बंद भट्टीत भाजलेला पाव आला पोर्तुगीजांबरोबर, आणि त्याच्यासोबत भीतीही आली. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी वसई-गोव्याकडे अजून सांगतात.

ही भीती नुसती खेडवळ नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी हात लावला नाही. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी ती नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं आणि सुधारकांनी त्यांना त्याबद्दलही झोडपलं. आपल्या लोकांनी हसून सोडून द्यावा असा हा किस्सा नाही. कुणाच्या हातचं खायचं, हा प्रश्न आमच्याही बिरादऱ्यांमध्ये दबक्या आवाजात विचारला जातोच.

मला अप्रूप वाटतं ते त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांचं. ज्या महाराष्ट्रात बिस्किटावरून खटला उभा राहिला, तिथेच दिवाळीआधी घराघरांतून नानकटाईचं पीठ बेकरीत जाऊ लागलं! 'नान' फारसी, 'खताई'चा संबंध खता म्हणजे उत्तर चीनशी जोडतात. तूप, पिठीसाखर, मैदा घरचा, भट्टी बेकरीवाल्याची. बेकरीवाला कधी इराणी असे, पुष्कळदा उत्तर प्रदेशातून आलेला मुसलमान. पाव निघाल्यावर भट्टी जरा निवते. तीच मंद धग नानकटाईला मानवते, म्हणून दुपारी गर्दी. पत्रे बेकरीचे, त्यावर गोळे मांडायला बायका आणि पोरं. आपला पत्रा ओळखता यावा म्हणून कुणी गोळ्यावर चारोळी लावी, कुणी बोटाने खळगा करी. ईदच्या आधी आमची रांग, दिवाळीच्या आधी त्यांची. दोन्ही सण जवळ आले की एकच. तुपाचा वास भट्टीत कुणाचा म्हणून वेगळा राहत नसे. यासाठी कुणी परिषद भरवली नाही, ठराव केला नाही. इतिहासाच्या पुस्तकात पंचहौद आहे, ही रांग नाही. मला ती तितकीच मोठी घटना वाटते.

आता रांग आटली आहे. घरोघरी ओव्हन आला, तयार डबे आले. त्यात ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराची बाजू मी घेणार नाही. तो आधी भट्टीपुढे उभ्या कारागिराच्याच छातीत जातो. पण बदलाचा खर्च छोट्या बेकरीवाल्याला पेलेल का, हे कुणीतरी विचारायला हवं. तो गेला तर दुपारची ती धगही गेली.

क्रिस्प करणाऱ्यांसाठी: सहा सफरचंदांच्या फोडींना लिंबू, दालचिनी आणि दोन चमचे साखर चोळा. दीडशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम साखर आणि शंभर ग्रॅम थंड लोणी बोटांनी चुरा. मी त्यात मूठभर जाडा रवा घालते, नानकटाईच्या सवयीने. १८० अंशांवर पाऊण तास. ओव्हन नसेल तर ओळखीच्या बेकरीत दुपारी विचारून पाहा. भांडं मात्र पत्र्यावर मावेल असं पसरट घ्या आणि बाहेर काढल्यावर झाकू नका, वाफेने वरचा थर मऊ पडतो.