चाक आणि चाकोरी : फोर्डच्या पहिल्या पिकअपचे टायर

१/ पिकअपला किती इंची टायर घालावा, हा प्रश्न आज पुष्कळदा हौसेचा असतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील शेतकऱ्याचे दूध आणि धान्य बाजारात पोहोचणार की चिखलात रुतणार, हे त्याच्या उत्तरावर ठरे.

२/ एप्रिल १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच मालाचा हौदा जोडून ती २८१ डॉलरना विक्रीस आणली. इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे.

३/ चाकाचा प्रश्न मात्र मोटारीहून जुना होता. घोडागाड्यांनी कच्च्या रस्त्यांवर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. दोन चाकांतील अंतर सामान्यतः ५६ इंच, पण दक्षिणेकडील कित्येक भागांत ६० इंच. चाकोरीत न बसणारी मोटार एका अंगावर कलून चाले. म्हणून आरंभीच्या वर्षांत फोर्डने दक्षिणेसाठी ६० इंची आसाची मोटारही विकली.

४/ जुन्या मॉडेल टीचे टायर पुढे ३० × ३ इंच, मागे ३० × ३½ इंच. पहिला आकडा बाहेरील व्यासाचा, दुसरा रुंदीचा. बोजा मागे, म्हणून टायर मागे जाड. पण त्यामुळे टायर-ट्यूबही दोन मापांच्या बाळगाव्या लागत.

५/ हे अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचत. भुसभुशीत वाळूत मात्र खचत. रिमवर घट्ट राहण्यासाठी त्यांत हवा सुमारे ६० पौंड दाबाने भरावी लागे. साहजिकच प्रत्येक दगडाचा धक्का मालाला आणि माणसाला बसे.

६/ १९२३ मध्ये फायरस्टोनने ‘बलून’ टायर बाजारात आणला. फोर्डनेही १९२५ मध्ये २१ इंची रिमवरील २९ × ४.४० मापाचा पर्याय दिला. हवा अधिक, दाब जवळजवळ निम्मा, आणि चारही चाके एकाच मापाची.

७/ त्याची किंमतही होती. व्यास एक इंचाने घटला, म्हणजे आस अर्धा इंच खाली आला. खडबडीत वाटेवर तेवढी मोकळीक कमी झाली. उलट, लहान चाकामुळे ओढ किंचित वाढली आणि त्याच प्रमाणात वेग उतरला. टायर बदलणाऱ्याला हा सौदा आजही चुकलेला नाही.

८/ रस्ते पक्के होत गेले तशा चाकोऱ्या बुजल्या आणि बलून टायर रूढ झाला. पुढे पिकअपवर सर्रास दिसलेले एक माप घ्या : २३५/७५ आर १५. रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. हिशेब केला तर बाहेरील व्यास पुन्हा सुमारे २९ इंचच भरतो.