नीस-पदान्त आडनावे

चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस, जमेनीस, वाकनीस इत्यादी मराठी आडनावांचा गट. ही नावे कुळाची किंवा गावाची नसून दप्तरातल्या हुद्द्यांची आहेत. ‘नीस’ हे फार्सी ‘नवीस’चे (लिहिणारा) आखूड रूप, मूळ क्रियापद ‘नविश्तन’, लिहिणे. ‘फडणवीस’ या नावात जुने रूप शाबूत आहे. ट किंवा ड शेजारी आला की ‘न’चा ‘ण’ झालेला दिसतो. पोतनीस, सबनीस यांत तो तसाच राहिला.

पूर्वपदावरून काम कळते. पारसनीस फार्सी पत्रव्यवहार पाहत, जमेनीस जमेचा हिशेब ठेवत, पोतनीस ‘पोते’ म्हणजे खजिना सांभाळत. सबनीस व कारखानीस हे शिवकालीन गडांवरचे महत्त्वाचे अधिकारी: पहिल्याकडे हजेरी व दप्तर, दुसऱ्याकडे धान्य व सामानसुमान. ‘फडणवीस’ची व्युत्पत्ती दोन प्रकारे देतात, ‘फर्द’ (अरबी, सुटा कागद, यादी) किंवा ‘फड’ (कचेरी) यांवरून. कामाचे स्वरूप पाहता पहिली अधिक पटते.

या गटातला सर्वांत दूरचा प्रवास ‘वाकनीस’चा. अरबी ‘वाकिआ’ म्हणजे घडलेली गोष्ट. मोगलांचा वाकेनवीस प्रांतोप्रांतीच्या बातम्या दरबारी कळवी. उस्मानी तुर्कांकडे हेच पद दरबारी इतिहासकाराचे झाले. शिवाजी महाराजांकडे वाकनीस राजाच्या दिनक्रमाची नोंद ठेवी. 1674च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत नावे मिळाली, तेव्हा वाकनीसाचा ‘मंत्री’ झाला. राज्यव्यवहारकोशाने दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी घराण्यांची नावे मात्र बदलली नाहीत.

हुद्दे वंशपरंपरेने चालत, म्हणून मूळ उपनाव मागे पडे. नाना फडणवीस (1742–1800) यांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. आज ‘भानू’ सांगितल्यावर ओळख पटवून द्यावी लागते. याच कारणाने समान आडनावावरून नाते किंवा जात ठरवणे चुकीचे आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते, नाना चित्पावन, फडणवीस आडनावाची देशस्थ घराणीही आहेत. वंशावळी जुळवताना हे ध्यानात न घेतल्याने नसलेली नाती जोडली जातात.

भाषेच्या दृष्टीने ‘चिटणीस’ विशेष लक्षणीय. यातली ‘चिठी’ इथलीच, उत्तरपद इराणचे. इराणात याच धर्तीचे ‘खुशनवीस’ (सुलेखनकार) हे आडनाव आढळते, तर उत्तर भारतात कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याला अर्जीनवीस म्हणतात. मराठीत बाकीचे हुद्दे आडनावांपुरते उरले. ‘चिटणीस’ तेवढा सामान्यनाम म्हणूनही जिवंत आहे, आणि संस्था व पक्ष आजही आपला सरचिटणीस निवडतात.