ओव्हरक्लॉकिंगमधील मेमरी सेटिंग

प्रोसेसर निर्मात्याने ठरवलेल्या वेगाहून जलद चालवताना, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करताना, रॅमचा वेग, तिचा प्रतिसादकाल आणि तिला मिळणारे व्होल्टेज यांची मदरबोर्डच्या बायोसमध्ये जी जुळवणी करावी लागते, तिला मेमरी सेटिंग म्हणतात. प्रोसेसरच्या मर्यादेआधी रॅमची मर्यादा आड येऊ नये, हा तिचा पहिला हेतू असतो. रॅमचा वेग वाढवणे हे त्यानंतरचे काम आहे.

प्रोसेसर आणि रॅम एकाच मूळ घड्याळावर चालत, त्या काळात ही गरज ठळकपणे दिसे. २००६ मधील इंटेल कोअर २ ड्युओ ई६६०० या प्रोसेसरचा २.४ गिगाहर्ट्‌झ वेग २६६ मेगाहर्ट्‌झचे मूळ घड्याळ आणि ९ हा गुणक यांच्या गुणाकारातून येई, आणि रॅमचा वेग त्याच घड्याळाशी एका गुणोत्तराने बांधलेला असे. डीडीआर२ रॅम घड्याळाच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा माहिती पाठवते. त्यामुळे २:३ या गुणोत्तराने रॅमचे घड्याळ ४०० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे डीडीआर२-८०० च्या पातळीवर येई. मूळ घड्याळ ३३३ वर नेले की प्रोसेसर सुमारे ३ गिगाहर्ट्‌झ गाठे, पण गुणोत्तर तसेच ठेवल्यास रॅम ५०० मेगाहर्ट्‌झवर ढकलली जाई आणि संगणक बंद पडे. दोष मात्र बिचाऱ्या प्रोसेसरवर येई. गुणोत्तर १:१ केल्यास रॅम ३३३ वर, आपल्या क्षमतेच्या आत राही.

एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये कोअर आय७ मध्ये मेमरी नियंत्रक प्रोसेसरच्या आतच आणला. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलचे मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झवर जवळजवळ स्थिर झाले, आणि गुणक खुला असलेल्या ‘के’ प्रोसेसरांत रॅमला हात न लावता वेग वाढवता येऊ लागला.

रॅमवर छापलेला मोठा आकडा एकटा फारसे सांगत नाही. मागितलेली माहिती हाती येण्यास घड्याळाची किती आवर्तने लागतात, हे सीएल या आकड्यावरून कळते. डीडीआर४-३२०० सीएल१६ आणि डीडीआर४-३६०० सीएल१८ या दोन्हींत तो काळ १० नॅनोसेकंदच भरतो. एक्सएमपी ही रॅमच्या पट्टीवरील चिपमध्ये नोंदलेली तयार सेटिंग पुष्कळजण निर्धोक समजतात, परंतु ती प्रमाणित वेगाच्या पलीकडची, म्हणजे स्वतःच एक ओव्हरक्लॉक असते. डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ असताना ती बहुधा १.३५ व्होल्ट मागते. म्हणून रॅम प्रमाणित वेगावर ठेवून आधी प्रोसेसरची मर्यादा शोधावी आणि मगच एक्सएमपी सुरू करावे, हा क्रम अधिक शहाणपणाचा ठरतो, कारण दोन्ही एकदम वाढवल्यास चूक कोठे आहे ते उमगत नाही.

रॅमची चूक दर वेळी संगणक बंद पाडत नाही, कित्येकदा ती फाइली गुपचूप बिघडवते; त्यामुळे प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट८६ सारखी चाचणी चालवावी लागते. संगणक सुरूच न झाल्यास मदरबोर्डवरील ‘क्लिअर सीमॉस’ची सोय वापरून बायोस मूळ स्थितीत आणता येतो.